स्ट्रॅटचे पिकअप बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बहुतेक प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर विचारले गेलेत. पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती प्लास्टिकची पाटी) उलटं पडलेलं, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलेलं, आणि गिटारचा मालक चहाचा कप हातात धरून माझ्या खांद्यावरून वाकून बघतोय, अशा वेळी. उत्तरं स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, पद्धतीच्या गिटारीला धरून दिली आहेत, जिच्यात तारांचा आवाज पकडणारे तीन पिकअप असतात, प्रत्येक एकाच कॉइलचा (सिंगल कॉइल), कारण आपल्याकडे पहिली इलेक्ट्रिक गिटार बहुधा तीच असते. लेस पॉलसारख्या दोन हंबकरवाल्या (हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप) गिटारीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलंय.

पिकअप बदलल्यावर गिटार खरंच वेगळी वाजते का?

वाजते. पण पैसे खर्च करण्याआधी एक ड्रायव्हर घ्या आणि आहे त्याच पिकअपची उंची बदलून बघा. माझ्याकडे ‘पिकअप बदलून दे’ म्हणून आलेल्यांपैकी निम्मे तरी उंची लावून, नव्या तारा चढवून परत गेलेत, आणि खूश आहेत.

जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपच्या खांबापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलला जाड बाजूला सुमारे 2 मिमी आणि बारीक बाजूला 1.6 मिमी, इथून सुरुवात करा. मग कानाने ठरवा. ब्रिजचा पिकअप थोडा वर, नेकचा थोडा खाली, कारण नेकजवळ तार जास्त हलते आणि तिथे आवाज आपोआपच मोठा येतो.

‘जवळ म्हणजे जोरात, आणि जोरात म्हणजे चांगलं’ असं समजून सगळे पिकअप तारांना टेकवून ठेवणारे खूप भेटतात. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये खांब हेच चुंबक असतात. ते फार जवळ आले की तारेला खाली ओढतात. बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड ई वाजवून बघा. एका स्वरात दोन स्वर भांडल्यासारखे ऐकू आले, ट्यूनर स्थिर होईना, तर दोष ट्यूनरचा नाही आणि इंटोनेशनचाही (वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागण्याचाही) नाही. पिकअप दोन फेरे खाली घ्या.

पिकअप नेमकं काय करतो?

चुंबक तारेला चुंबकत्व देतो, तार हलली की कॉइलमधलं चुंबकी क्षेत्र हलतं, आणि कॉइलमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम, एवढंच. म्हणूनच तार पोलादाची किंवा निकेलची लागते. नायलॉनच्या तारा या पिकअपला ऐकूच येत नाहीत, आणि अकूस्टिकच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारा लावल्या तर जाड तारा मलूल वाजतात, कारण चुंबकाला त्यांच्यातला फक्त आतला पोलादी गाभा दिसतो.

कॉइलची तार साधारण 42 गेजची, म्हणजे 0.063 मिमी जाड. केसासारखी. स्ट्रॅटच्या पिकअपवर तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. हे लक्षात राहू द्या, कारण पुढे जिथे जिथे ‘जपून’ असं म्हटलंय, तिथे या केसाएवढ्या तारेचा विचार आहे.

सिंगल कॉइल तारेबरोबर घरातल्या विजेचं 50 हर्ट्झचं गुणगुणणंही पकडतो. त्यावर गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला: दोन कॉइल शेजारीशेजारी, एकीचं चुंबक उलटं आणि वेढेही उलटे. तारेचा आवाज दोन्हीत मिळून वाढतो, बाहेरची घरघर एकमेकींना खोडून काढते. हाच हंबकर. पेटंटचा अर्ज 1955 सालचा, पेटंट मिळालं 1959 साली, आणि मधल्या काळातल्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं लेबल चिकटवलेलं असे. त्या इंग्रजी लेबलाची आद्याक्षरं म्हणजे ‘पीएएफ’. आज नव्या पिकअपच्या खोक्यावर हे नाव दिसलं तर त्याचा अर्थ ‘त्या काळच्या हंबकरसारखा’ एवढाच घ्यायचा.

ज्याचे ओहम जास्त, तो पिकअप जोरदार. बरोबर ना?

नाही. दुकानात सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. ओहममध्ये मोजतात तो डीसी रेझिस्टन्स म्हणजे फक्त तारेची लांबी आणि जाडी यांचा हिशोब. त्याच वेढ्यांना 42 ऐवजी 43 गेजची बारीक तार वापरली की ओहम वाढतात, जोर मात्र तेवढा वाढत नाही. चुंबक कुठलं, कॉइलचा आकार कसा, हे त्या आकड्यात दिसतच नाही. एकाच कंपनीच्या एकाच जातीचे दोन पिकअप तोलायला आकडा उपयोगी. सिंगल कॉइलची तुलना हंबकरशी करायला निरुपयोगी.

ढोबळ अंदाजासाठी: जुन्या धाटणीचा स्ट्रॅटचा पिकअप 5.5 ते 6.5 किलोओहम, पीएएफ धाटणीचा हंबकर 7 ते 8.5, आणि मेटल वाजवणाऱ्यांसाठीचे सिरॅमिक हंबकर 13 ते 16.

दोन गमती. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे 0.4 टक्का वाढतो. 20 अंशांना 8 किलोओहम मोजलेला पिकअप मे महिन्यात नागपूरला, 42 अंशांत, 8.7 दाखवेल. खोक्यावरचा आकडा जुळत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. दुसरी: गिटार न उघडता जॅकमध्ये केबल घालून मोजता येतं, पण तेव्हा व्हॉल्यूम पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर) समांतर जोडलेला असतो. 8 किलोओहमचा पिकअप 250 किलोओहमच्या पॉटमागून 7.75 दिसतो. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवा, नाहीतर भलतंच काही दिसेल.

माझ्या गिटारीत सध्या कुठल्या जातीचे पिकअप आहेत, हे कसं ओळखायचं?

पिकगार्ड उलटं करून पिकअपचं बूड बघा. स्वस्त सिंगल कॉइलच्या तळाला एक-दोन काळसर चपट्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. ते सिरॅमिक चुंबक, आणि वरचे खांब नुसते पोलादाचे. तळाशी पट्टी नसेल आणि खांब आरपार आलेले असतील तर ते खांबच अल्निकोचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या लोखंडाच्या मिश्रधातूचे.

सिरॅमिक म्हणजे वाईट असं मात्र नाही. हाय-गेनच्या किती तरी नावाजलेल्या हंबकरमध्ये सिरॅमिकच असतं. पण स्वस्त स्ट्रॅटमधले पट्टीवाले पिकअप क्लीन आवाजात कोरडे आणि बोचरे वाजतात, आणि अल्निको 5 चा (आकडा मिश्रधातूच्या प्रकाराचा) सेट घातल्यावर पडणारा फरक गिटार न वाजवणाऱ्या बायकोलाही कळतो. (आमच्याकडे कळला. तिने ‘आता कमी टोचतं’ असं म्हटलं, आणि याहून नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.)

मग घेऊ कुठला?

तुम्ही वाजवता काय, यावर सगळं आहे. क्लीन, ब्लूज, फंक आणि हिंदी-मराठी गाण्यांतली साथ करायची असेल तर अल्निको 5 चा साधा, कमी वेढ्यांचा सेट. अल्निको 2 थोडा मऊ, खालचा स्वर सैलसर. डिस्टॉर्शन बरंच वापरत असाल तर फक्त ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा, वर खांबांऐवजी पट्टी असलेला हंबकर बसवा आणि बाकीचे दोन तसेच ठेवा. पिकगार्ड कापावं लागत नाही. पूर्ण मापाच्या हंबकरसाठी नवं पिकगार्ड लागतं, आणि लाकडात जागा कोरलेली आहे का तेही आधी बघावं लागतं.

पिकअप बदलून विकायचा धंदाच अमेरिकेत सत्तरच्या दशकात उभा राहिला. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन 1972 चा, सेमूर डंकन कंपनी 1976 ची. त्याआधी गिटारीत जे यायचं तेच वाजवायचं किंवा कॉइल नव्याने गुंडाळून घ्यायची. आज निवड इतकी आहे की लोक सहा महिने व्हिडिओ बघत बसतात. माझा सल्ला: पहिल्यांदा एकच पिकअप बदला, ब्रिजचा. तिथेच सगळ्यात जास्त तक्रारी असतात, आणि एक बदलताना जे शिकाल त्याने पुढचे दोन अर्ध्या वेळात होतील.

विकत घेतलेला पिकअप बसेल का?

तीन मापं घ्या. पहिलं, पहिल्या खांबाच्या मध्यापासून सहाव्या खांबाच्या मध्यापर्यंत. स्ट्रॅटच्या ब्रिजला हे बहुतेकदा 52 मिमीच्या आसपास असतं, नेकला 50 किंवा थोडं कमी-जास्त. एखाद्या मिलिमीटरचा फरक कानाला कळत नाही, पण प्लास्टिकच्या जुन्या कव्हरची भोकं मात्र जुळत नाहीत. म्हणून कव्हरसकट घ्या. दुसरं, पिकअपसाठी लाकडात कोरलेल्या खाचेची खोली. आरपार खांबांचे पिकअप उंच असतात, आणि काही स्वस्त गिटारींत खाच उथळ असते. तिसरं माप पॉटचं. आशियात बनलेल्या गिटारींत बहुधा 16 मिमीचे छोटे पॉट असतात. त्यांच्यासाठी पडलेलं भोक 7 ते 8 मिमीचं. मोठ्या 24 मिमीच्या अमेरिकन पॉटच्या मानेला 9.5 मिमीचं भोक लागतं, म्हणजे रीमरने वाढवणं आलं. शिवाय बटणं बसत नाहीत: छोट्या पॉटच्या दांड्याला 18 दाते, मोठ्याला 24. जुनं बटण जबरदस्तीने दाबलं की ते फाटतं. चांगले 16 मिमीचे पॉट मिळतात, तेच घ्या आणि हा सगळा व्याप टाळा.

पॉट 250 चा घ्यावा की 500 चा? कपॅसिटर कुठला?

सिंगल कॉइलला 250 किलोओहम, हंबकरला 500. पॉटचा आकडा जितका कमी, तितका वरचा चुरचुरीतपणा जमिनीत जातो. सिंगल कॉइल मुळातच तेज, त्याला 250 ने आवर बसतो. हंबकर मुळात जाडसर, त्याला 500 ने मोकळीक मिळते. ब्रिजला हंबकर आणि बाकी सिंगल अशा गिटारीत दोहोंपैकी काही तरी एक पत्करावं लागतं. मी 500 घालतो आणि सिंगल वाजवताना टोन थोडा खाली घेतो.

पॉटवर ए250के असं लिहिलेलं असेल तर तो लॉग, बी असेल तर लिनिअर. व्हॉल्यूमला ए घ्या. लिनिअर पॉट वर-वर फिरवताना आवाजात फारसा फरक जाणवत नाही, आणि शेवटच्या एक-दोन आकड्यांत तो एकदम कोसळतो.

टोनचा कपॅसिटर सिंगल कॉइलला 0.047 मायक्रोफॅरड, हंबकरला 0.022. अंगावर अनुक्रमे 473 आणि 223 छापलेलं असतं. दुकानात दोन-पाच रुपयांना मिळतो. इंटरनेटवर याच मूल्याचे नारिंगी, तेलात बुडवलेले, पन्नासच्या दशकातले म्हणून शंभरपट किमतीला विकले जाणारे कपॅसिटरही आहेत. मूल्य तेच असेल तर गिटारीत फरक ऐकू येत नाही. वाटलं तर हौस म्हणून घ्या.

सामान काय लागतं आणि कुठे मिळेल?

पिकअप ऑनलाइन किंवा वाद्यांच्या मोठ्या दुकानात. बाकी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. तिथे जाताना जुना पॉट आणि जुना स्विच खिशात घेऊन जा. ‘गिटारचा पॉट’ म्हटलं की दुकानदार गोंधळतो. वस्तू समोर ठेवली की तो न बोलता मागच्या डब्यातून तशीच काढून देतो.

यादी अशी: 60/40 चं रोझिनवालं सोल्डर, 0.8 मिमीचं. नळकामाची आम्लाची पेस्ट गिटारीत चालत नाही, ती महिन्याभरात सांधे हिरवे करते. एक साधा मल्टिमीटर. वायर सोलायचं कटर, चिमटा, सोल्डर ओढून घ्यायचा पंप. आणि आयर्न. घरोघरी असतं ते 25 वॅटचं आयर्न स्विचच्या पायांना पुरतं, पण पॉटच्या पाठीला पुरत नाही. पाठ म्हणजे धातूचा मोठा तुकडा, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. तुम्ही अर्धा मिनिट आयर्न टेकवून बसता, सोल्डर वितळत नाही, आणि आतला कार्बनचा मार्ग मात्र भाजून निघतो. 50-60 वॅटचं, छिन्नीसारख्या चपट्या टोकाचं आयर्न दोन-तीन सेकंदांत तेच काम करतं. जास्त गरम आयर्न थोडा वेळ, हे कमी गरम आयर्न बराच वेळ यापेक्षा नेहमीच सुरक्षित.

प्रत्यक्ष बदलायचं कसं?

आधी फोटो काढा. उघडल्याबरोबर, काहीही सोडवण्याआधी, चार बाजूंनी. मग कागदावर स्वतःच्या हाताने नकाशा काढा, कारण फोटोत दोन काळ्या वायरी एकमेकींमागे लपतात आणि त्यातली कुठली कुठे जाते हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

तारा काढा. पिकगार्डचे स्क्रू, आधुनिक स्ट्रॅटमध्ये अकरा असतात, वाटीत ठेवा. गिटारीच्या अंगावर जुना जाड टॉवेल अंथरा. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या गिटारीवर खालच्या कडेला वाटाण्याएवढा खड्डा आहे. सोल्डरचा एक थेंब उडाला, मी तो घाईने बोटाने पुसायला गेलो, बोट भाजलं आणि रंगही उचकटला.

सिंगल कॉइलच्या दोनच वायरी असतात. एक गरम, म्हणजे सिग्नलची. ती पाचपदरी (पाच जागांच्या) स्विचच्या आपापल्या पायावर जाते. दुसरी ग्राउंडची, ती व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. स्विचचा सामाईक पाय व्हॉल्यूमच्या एका टोकाच्या पायाला, व्हॉल्यूमचा मधला पाय जॅकच्या टोकाला, आणि उरलेला पाय वाकवून पॉटच्याच पाठीवर डाखलेला. स्ट्रॅटचा सगळा नकाशा एवढाच. बाकी सगळी टोनची सजावट.

जुनी वायर काढताना स्विचवर आयर्न टेकवा, सोल्डर चमकून पातळ झालं की वायर चिमट्याने उचला. ओढू नका. पिकअपच्या बाजूला ओढ बसली तर ती केसाएवढी तार पायापाशी तुटते आणि नवा पिकअप पहिल्याच दिवशी मरतो. वायर आहे तेवढीच लांब ठेवा. मी एकदा ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून नव्या पिकअपच्या वायरी आखूड कापल्या, मग पिकगार्ड उलटता येईना, आणि शेवटी त्यांनाच जोड द्यावे लागले. ते जोड आजही दिसतात आणि आजही लाज आणतात.

नव्या वायरीचं टोक चार-पाच मिलिमीटर सोला, पीळ द्या आणि त्याला आधी सोल्डर चढवून घ्या. कल्हईवाला भांड्याला कल्हई चढवतो तसं: आधी धातू गरम, मग त्यावर कथिल आपोआप पसरतं. पॉटच्या पाठीलाही बारीक सँडपेपर घासून आधी असाच एक थेंब चढवून ठेवा. मग दोन्ही कल्हई केलेल्या जागा टेकवून आयर्न लावलं की एका क्षणात एकजीव होतात. आयर्न उचलल्यावर दोन सेकंद हात हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. चांगला डाख गुळगुळीत, चकचकीत आणि कडेला पसरट दिसतो. मणी झाला असेल, राखाडी आणि खरबरीत असेल, तर तो वरवर बसलाय. पुन्हा गरम करा.

ट्रेमोलोच्या पंज्याला (गिटारीच्या मागे स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीला) लावलेली ग्राउंडची वायर तिकडून सोडवू नका. ती जाड धातूवर आहे, घरचं आयर्न तिथे हात टेकतं. सोडवायचीच तर पॉटच्या बाजूने.

आणि एक: पोलादी ड्रायव्हर चुंबकाकडे झेप घेतो. कव्हर काढलेल्या पिकअपवर तो आपटला तर कॉइल कापली जाते. जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये कॉइल थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. तिथे खांब अंगठ्याने खाली-वर दाबून ‘लेव्हल’ करायचा मोह आवरा. एक खांब सरकला की आतली तार गेलीच.

हंबकरला चार रंगांच्या वायरी आणि एक उघडी वायर आहे. कुठली कुठे?

कंपनीप्रमाणे बदलतं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सेमूर डंकनमध्ये काळी गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, तांबडी आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावून ठेवायच्या. डिमार्झिओमध्ये तांबडी गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी एकमेकींना. म्हणजे एका कंपनीची ‘गरम’ ती दुसरीची ‘मधली’. बाकी कुठल्याही कंपनीचा असेल तर खोक्यातला कागद फेकू नका.

दोन पिकअप एकत्र वाजवले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो.

एक पिकअप उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे त्याचा सिग्नल दुसऱ्याच्या उलट जातो. एकेकटे नीट वाजतात आणि एकत्र आले की खालचा स्वर गायब होतो, हीच खूण. (स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरचा टणत्कारी ‘क्वॅक’ वेगळा. तो हवाच असतो. सुरुवातीला स्विचला तीनच जागा होत्या आणि वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून हा आवाज काढायचे. फेंडरने पाचपदरी स्विच 1977 पासून द्यायला सुरुवात केली.)

जोडण्याआधीच तपासता येतं. काट्याचा मल्टिमीटर सगळ्यात खालच्या डीसी व्होल्टच्या पट्टीवर ठेवा, पिकअपच्या दोन वायरींना लावा. ड्रायव्हरची दांडी खांबांवर चिकटवा आणि झटक्याने वर उचला. काटा एका दिशेला हलकीशी उडी घेतो. प्रत्येक पिकअपची उचलतानाची दिशा लिहून ठेवा. एखाद्याची उलटी आली तर त्याच्या गरम आणि ग्राउंड वायरींची अदलाबदल. चार वायरींच्या हंबकरमध्ये दोन टोकांच्या वायरी बदलायच्या, उघडी वायर मात्र कायम ग्राउंडलाच. मधला पिकअप उलटे वेढे आणि उलट चुंबक असा मुद्दाम बनवलेला असला तरी दिशा सगळ्यांची सारखीच यायला हवी.

सगळं जोडलं तरी घुंईऽऽ जात नाही.

तारांना हात लावला की कमी होतं का? होत असेल तर तारांचं ग्राउंड शाबूत आहे. तुमचं शरीर घरभरातल्या विजेची खरखर गोळा करतं, आणि तारेला हात लावला की ती जमिनीला जाते. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. फरकच पडत नसेल तर पंज्याची वायर सुटलीय.

खाचेला तांब्याचा फॉइल टेप लावला की डिमर, एलईडी दिवे आणि पंख्याच्या रेग्युलेटरची चुरचुर बरीच कमी होते. टेपचे सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला विजेने जोडलेले हवेत, मीटरने तपासा. पण सिंगल कॉइलची मूळ घरघर त्याने जात नाही. ते चुंबकी क्षेत्र आहे, तांब्याचा पातळ पत्रा त्याला अडवत नाही. ती घालवायची तर एकावर एक दोन कॉइल असलेले नॉइजलेस पिकअप घ्या, किंवा अ‍ॅम्पपासून चार पावलं लांब उभे राहा आणि थोडं वळा. कोन बदलला की घरघर बदलते.

आता महत्त्वाचं. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो गिटारीचा दोष नाही आणि तो चालवूनही घ्यायचा नाही. तारा केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे वायरच नसते. गणपतीच्या मांडवात जनरेटरवर वाजवताना तर हमखास. एका हातात गिटार आणि ओठ माइकला लागले की बसणारा झटका ज्याने खाल्लाय तो विसरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून घरघर घालवायचा उपाय कोणी सुचवला तर त्याचं ऐकू नका.

नवा पिकअप फारच चिरका वाटतोय. परत करू?

आधी केबल बदलून बघा. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं, आणि गिटारीचा ‘स्वभाव’ बराचसा तिथे ठरतो. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास. स्ट्रॅटच्या पिकअपला तीन मीटरची केबल लावली की हे शिखर साधारण 5 किलोहर्ट्झला येतं, सहा मीटरची लावली की 4 किलोहर्ट्झच्या खाली. म्हणजे लांब केबल फुकटात आवाज मऊ करते.

दुसरं, स्ट्रॅटच्या मूळ जोडणीत ब्रिज पिकअपला टोनच नसतो. स्विचच्या टोनवाल्या बाजूला मधल्या पिकअपच्या पायापासून ब्रिजच्या पायापर्यंत एक इंचभर वायर डाखली की खालचा टोन दोघांनाही लागू होतो. या एका वायरीइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

उलट व्हॉल्यूम कमी केला की आवाज मळकट होत असेल, तर व्हॉल्यूमच्या गरम आणि मधल्या पायांमध्ये 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि 150 किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावा.

कॉइल स्प्लिट करावं का?

चार वायरींचा हंबकर आणि ओढायचा पॉट (बटण वर ओढलं की स्विचसारखा चालणारा) असेल तर सोपं आहे: एकमेकींना जोडलेल्या दोन वायरी पॉट ओढल्यावर ग्राउंडला जातात आणि एकच कॉइल उरते. आवाज बारीक होतो, घरघर परत येते, आणि खऱ्या सिंगल कॉइलसारखं तरीही वाजत नाही. मी दोन गिटारींत केलंय. वापरत नाही.

अ‍ॅक्टिव्ह पिकअप घातले तर?

हे पिकअप बॅटरीवर चालतात. मग 9 व्होल्टची बॅटरी ठेवायला जागा, 25 किलोओहमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक, सगळं वेगळं. जॅकमध्ये प्लग घातला की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची. ईएमजीसारख्या पिकअपमध्ये तारांना ग्राउंड जोडायचीही गरज नसते. जुन्या पॉटवर अर्धवट जोडणी करू नका.

सगळं बंद केलं आणि आवाजच नाही!

सगळे अकरा स्क्रू लावल्यावरच हे होतं. म्हणून पुढच्या वेळी तारा चढवण्याआधी केबल लावा, अ‍ॅम्प हळू ठेवा आणि प्रत्येक पिकअपवर ड्रायव्हरने हलकेच टकटक करा. स्विचच्या पाचही जागांवर योग्य तो पिकअप ‘टक्’ म्हणायला हवा.

आता शोधायचं तर जॅकपासून मागे या. जॅकच्या टोकाची वायर सुटलेली किंवा नीट न डाखलेली असणं हे कारण नंबर एक. दोन: पिकगार्ड बसवताना गरम वायर फॉइलला टेकली, सगळा सिग्नल जमिनीत. उघड्यावर वाजते आणि बंद केल्यावर वाजत नाही, तर हेच. जॅकच्या खाचेतही फॉइल लावलं असेल तर तिथे टेप चिकटवा. तीन: स्विचच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल. मीटरने जॅकवर ओहम मोजा. शून्य म्हणजे कुठे तरी शॉर्ट, पाच-सहा किलोओहम म्हणजे पिकअप जिवंत आहे आणि चूक पुढे केबलकडे, सव्वादोनशे किलोओहमच्या पुढे म्हणजे फक्त पॉट दिसतोय आणि पिकअप जोडलेलाच नाही.

पावसाळ्यात पॉट खरखरतात. नवे घालू?

आधी कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी पॉटच्या पायांजवळच्या फटीतून करा, बटण तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कोकणात आणि मुंबईत स्विच आणि जॅकचे पत्रे काळे पडतात, तेही यानेच सुधारतात. तरीही खरखरत असेल तर बदला, पॉट काही पिकअपएवढा महाग नाही.

काढलेल्या जुन्या पिकअपचं काय करू?

ठेवा. गिटार विकताना मूळ पिकअप सोबत दिले की किंमत बरी येते, आणि तुमचे चांगले पिकअप काढून पुढच्या गिटारीत घालता येतात. प्रत्येकाला टेपचा तुकडा लावून त्यावर गिटार, जागा आणि मोजलेले ओहम लिहा. माझ्या खोक्यात असे नऊ पिकअप आहेत, त्यातल्या तिघांवर टेप नाही, आणि एकावर नुसतंच ‘चांगला’ असं लिहिलंय.